शाश्वत विकास शिकायचाय? आधी पंचगंगेच्या काठाने चला

जागतिक शाश्वत विकास हा विषय विद्यापीठात घ्यावा असं मनात आहे, पण घरी काय सांगायचं, प्रवेश कुठे घ्यायचा आणि पुढे काम काय मिळणार याचा नीट पत्ता नाही, अशा कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ, गडहिंग्लज, राधानगरी भागातल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. बारावी झालेल्यांनाही चालेल आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कोर्स शोधण्याआधी आपल्या जिल्ह्यातला एक प्रश्न पाण्यापासून पैशापर्यंत सगळ्या बाजूंनी समजून घ्या. तो समजला की कुठल्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचून त्यात काय आहे आणि काय नाही हे तुम्हाला कळतं. तो समजला नाही, तर महागडी पदवी घेऊनही माणूस गुळगुळीत शब्दांच्या पलीकडे जात नाही. आणि या बाबतीत कोल्हापूरचा विद्यार्थी नशीबवान आहे. घाटमाथ्यावरचं जंगल, धरण, ऊस, साखर कारखाने, यंत्रमाग, फाउंड्री, महापूर आणि क्षारपड जमीन हे सगळं एका दिवसाच्या एसटी प्रवासात बघता येईल असे जिल्हे फार नाहीत.

पायरी १ : विषय कशाचा, हे आधी नीट समजून घ्या

पर्यावरणशास्त्र आणि शाश्वत विकास हे दोन्ही जवळचे विषय आहेत, पण एकच नव्हेत. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी पंचगंगेच्या पाण्याचा नमुना घेतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. शाश्वत विकासाचा विद्यार्थी तो आकडा हातात घेऊन पुढे विचारायला लागतो. हे सांडपाणी कुठल्या नाल्यातून आलं? प्रक्रिया केंद्र असताना का आलं? खर्च महापालिकेने करायचा की कारखान्याने? खालच्या अंगाच्या गावातल्या बाईला तक्रार कुठे करता येते? नदी स्वच्छ करायची म्हणून उद्या कापड रंगवणारी प्रोसेस हाउस बंद केली, तर तिथल्या कामगारांचं काय? थोडं विज्ञान, थोडं अर्थशास्त्र, थोडा कायदा, थोडं राज्यशास्त्र आणि भरपूर माणसांशी बोलणं, असा हा विषय आहे.

इतिहास थोडक्यात माहीत हवा, कारण मुलाखतीत विचारतात. १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद झाली, तिथे इंदिरा गांधींनी गरिबी आणि प्रदूषण यांचा संबंध मांडला. १९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या आयोगाने आजही वापरली जाणारी व्याख्या दिली : पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता धोक्यात न आणता आजची गरज भागवणारा विकास. १९९२ ला रिओची पृथ्वी परिषद. २००० नंतर आठ सहस्रक विकास ध्येयं. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येयं, त्याखाली १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. पहिली आठ ध्येयं मुख्यतः गरीब देशांसाठी होती. २०१५ ची १७ सगळ्या देशांना लागू आहेत, हा फरक मोठा आहे.

ही १७ ध्येयं पाठ करत बसू नका. त्यातली दोन ध्येयं एकमेकांच्या आड कुठे येतात, ते शोधायची सवय लावा. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

पायरी २ : एक दिवस काढा आणि नदी वरून खाली बघा

सोबत एखादा मित्र किंवा मैत्रीण, एक वही आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. पावसाळ्यात जायचं तर इशारे बघून जा. पूर आलेला असताना मात्र अजिबात नको.

सुरुवात राधानगरीपासून. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलं आणि ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. वरच्या अंगाला दाजीपूरचं जंगल, गव्यांसाठी राखलेलं. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या पश्चिम घाट जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. इथल्या एखाद्या वाडीत बसून विचारा, गवा शेतात आला की काय होतं, भरपाई किती दिवसांनी मिळते, सरपण कुठून आणता. जंगल राखायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे अभयारण्याच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाकडूनच ऐकायला हवं.

मग खाली या. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. कसबा बावड्याला राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, तो आकडा इथला : ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दिवसचे दिवस बंद होता, दूध संकलन थांबलं, पेट्रोल मिळेना.

आता वहीत चार रकाने पाडा : किती, कुणाचं, कोण ठरवतं, कुणाला फटका. महापूर यात भरून बघा. 'किती'मध्ये पाऊस, विसर्ग, पातळी. 'कुणाचं'मध्ये नदीकाठची जमीन कुणाच्या मालकीची, भराव कुणी टाकला. 'कोण ठरवतं'मध्ये पाटबंधारे खातं, महापालिका, आणि निळी व लाल पूररेषा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी कशी मिळते, हा प्रश्न एका प्रबंधाला पुरेल. 'कुणाला फटका'मध्ये चिखली, आंबेवाडीसारखी गावं, शहरातल्या सखल भागातले भाडेकरू, जनावरं, हातावर पोट असलेले.

यात अलमट्टीही येते. कर्नाटकला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची आहे, दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली, आणि आपल्याकडे त्याला तीव्र विरोध आहे. या वादात तुमचं मत काहीही असो, एक काम करा. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीचं म्हणणं, विरोध करणाऱ्या शेतकरी कार्यकर्त्यांचं म्हणणं आणि कर्नाटकाची बाजू, तिन्ही प्रत्येकी एका पानात प्रामाणिकपणे लिहून काढा. आपल्याला न पटणारी बाजूही तिच्या माणसाला मान्य होईल अशी लिहिता येणं हे या विषयातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. विद्यापीठात पहिल्या वर्षी ते येत नाही म्हणून भल्याभल्यांचे गुण जातात.

बंधाऱ्यावरून जयंती नाल्याकडे जा, शहराचं सांडपाणी नदीकडे कसं येतं ते बघा. मग इचलकरंजी. तिथे यंत्रमाग आणि प्रोसेस आहे, आणि पिण्याच्या पाण्याचा जुना झगडाही. २०१२ मध्ये तिथे काविळीची मोठी साथ आली होती. शेवटी शिरोळ तालुका आणि नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम. या रस्त्याला हिरव्यागार उसाच्या मधोमध पांढरट, मोकळ्या पडलेल्या जमिनी दिसतात. गाडी थांबवून तिथली माती हातात घ्या. वर मिठासारखा थर असतो. काळी माती, वर्षानुवर्षं भरमसाठ पाणी आणि निचऱ्याला वाट नाही, म्हणून क्षार वर आले. एकेकाळी सोनं पिकवणारं रान हे. आता काही ठिकाणी शेतकरी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करताहेत, आणि जमीन परत पिकात येते. पण एकट्याच्या बांधापुरतं ते जमत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या रानातून पुढे न्यावं लागतं. सामुदायिक कृतीवर अर्थशास्त्रात जे शिकवतात, ते इथे शिरोळच्या शिवारात उघड्यावर बघायला मिळतं.

पायरी ३ : एका उसाच्या कांडीवर विषय घासून बघा

कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला उसाबद्दल काय सांगायचं, असं वाटेल. पण तोच ऊस विद्यार्थ्याच्या नजरेने बघू.

एक टन उसातून आपल्या भागात साधारण ११० ते १२० किलो साखर निघते, पाव टनाहून थोडी जास्त बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, आणि चाळीसेक किलो मोलॅसिस, म्हणजे मळी. बगॅस जाळून कारखाना स्वतःची वीज करतो आणि उरलेली विकतो. मोलॅसिसपासून इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये. म्हणजे ध्येय ७ स्वच्छ ऊर्जा, ध्येय १३ हवामान. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, आणि गावात पैसा : ध्येय ८. इथवर सगळं छान.

आता पाणी बघा. आपल्याकडे बऱ्याच उपसा सिंचन संस्था पाणीपट्टी एकरी आकारतात. पाणी किती घेतलं याला पैसे पडत नाहीत, एकर किती याला पडतात. त्यात शेतीची वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून मोटारीला ऑटो स्टार्टर लावलेला असतो. वीज आली की मोटार चालू, पाणी पहाटेपर्यंत सरीतून वाहतंय आणि मालक घरी झोपलाय. यात त्याचा दोष किती आणि वीज व पाणीपट्टीच्या व्यवस्थेचा किती? ध्येय ६ पाणी आणि ध्येय १५ जमीन इथे मार खातात. ठिबक बसवलं तर पाणी वाचतं. मात्र वाचलेल्या पाण्यावर शेजारचं रान उसाखाली आलं, तर नदीतून उचललेलं एकूण पाणी तेवढंच राहतं. हे गणित कळलं की 'ठिबक करा, प्रश्न सुटला' असं वाक्य तुमच्या निबंधात येणार नाही.

मग तोडणी. बीडसारख्या दुष्काळी भागातून टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मुलं आईबापांबरोबर फडात. ध्येय ४ शिक्षण, ध्येय ५ स्त्री-पुरुष समानता, ध्येय १० विषमता. आपल्या भागाच्या सुबत्तेत मराठवाड्याचा दुष्काळ गुंतलेला आहे, हे लिहिताना हात अडखळू देऊ नका.

आणि 'जागतिक' कुठे आलं? भारताच्या साखर धोरणाविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा मंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. तक्रारीत निर्यात अनुदानाबरोबर एफआरपीही होती. हातकणंगल्याच्या शेतकऱ्याचा दर जिनिव्हात वादाचा मुद्दा होतो, असा तो धागा आहे.

असाच एक विषय तुम्ही निवडा. ऊस नको असेल तर गूळ, चप्पल, यंत्रमाग, दूध, गणेशमूर्ती विसर्जन, शहराचा कचरा, काहीही. दहा-बारा पानं लिहून काढा, मराठीत लिहिली तरी चालेल. पुढे प्रवेश अर्जात, मुलाखतीत आणि प्रकल्पात ही पानं कामाला येतात.

पायरी ४ : पदवीला काय घ्यावं

बारावीनंतर लगेच 'सस्टेनेबिलिटी' नावाची पदवी शोधत फिरू नका. पदवीला एक विषय पक्का करा आणि शाश्वत विकासाकडे पदव्युत्तर पातळीवर वळा, असं मी सांगेन. भूगोल, अर्थशास्त्र, कृषी, सिव्हिल इंजिनिअरिंग, वनस्पतिशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, यातलं काहीही चालतं. पक्का पाया नसेल तर सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि कामाच्या ठिकाणी नेमकं काय येतं हे सांगता येत नाही.

ब्रिटनमध्ये पदवीपासूनच हा विषय देणारी विद्यापीठं आहेत. वॉरिक विद्यापीठात 'ग्लोबल सस्टेनेबल डेव्हलपमेंट' याच नावाची पदवी आहे, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' आहे. अभ्यासक्रम चांगले आहेत. पण भारतातल्या मध्यमवर्गीय घरासाठी तीन-चार वर्षांचा तो खर्च अवाढव्य होतो आणि पदवीसाठीच्या शिष्यवृत्त्या फार थोड्या. कर्ज काढून पदवीला परदेशी जाऊ नका. त्यांचे अभ्यासक्रम मात्र संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि कुठले पेपर सक्तीचे आहेत ते बघा.

कला शाखेच्या मुलांनी संख्याशास्त्र टाळू नये. सरासरी, टक्केवारी, नमुना निवड, साधा आलेख आणि एक्सेल एवढं हातखंडा हवं. विज्ञान शाखेच्या मुलांनी उलट करावं : ग्रामसभेला बसावं, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून बघावा, अर्थसंकल्प वाचावा. पदवीला पर्यावरण अभ्यासाचा जो सक्तीचा पेपर असतो, तो बहुतेकजण आदल्या रात्री वाचून निघून जातात. त्यातला प्रकल्प मनापासून केला तर तीच तुमची पहिली नोंद ठरते.

पायरी ५ : कोर्स निवडताना नाव बाजूला ठेवा

घराजवळून सुरुवात करू. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र विभाग आहे, आणि यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने ग्रामीण विकासाचा स्वतंत्र विभाग आहे. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र हे विभागही आहेतच. घरी राहून शिकता येतं, फी परवडते आणि अभ्यासक्षेत्र दारात आहे. 'कोल्हापुरातच राहिलास होय?' असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

राज्यात आणि देशात : मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, हवामान बदल आणि शाश्वततेच्या अभ्यासासाठी ओळखली जाते, तिथले पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्याय शोधणारं 'सितारा' केंद्र आहे, इंजिनिअरिंग केलेल्यांनी ते जरूर बघावं. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. दिल्लीला टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज, बंगळूरला विकास विषयातल्या एमएसाठी अझीम प्रेमजी विद्यापीठ. बंगळूरचं शेवटचं नाव आर्थिक अडचण असलेल्यांनी नक्की तपासावं, कारण तिथे घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत देण्याची पद्धत आहे.

परदेशात पदव्युत्तरला जायचं असेल तर ब्रिटनचे एक वर्षाचे कोर्स, स्वीडनमधल्या लुंडचा पर्यावरण आणि शाश्वतता विज्ञानाचा दोन वर्षांचा कोर्स, जर्मनीची सरकारी विद्यापीठं आणि युरोपातल्या दोन-तीन देशांत मिळून होणारे इरास्मस मुंडस कोर्स, एवढं आधी बघा.

कुठलाही कोर्स तपासताना चार गोष्टी पाहा. सक्तीचे पेपर कोणते? क्षेत्रकार्य किती आठवडे आणि त्याचा खर्च कोण करतं? संशोधन पद्धती हा पेपर आहे का? शिकवणारे प्राध्यापक स्वतः कशावर काम करतात? नाव भारदस्त आणि आत नुसतं कंपनी व्यवस्थापन, असे कोर्स अलीकडे बरेच निघालेत. मागच्या बॅचच्या दोन विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर गाठून सरळ विचारा, लोक उत्तरं देतात. 'मोफत सल्ला' देणाऱ्या एजंटाला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. तो सांगेल ते ऐकून घ्या, मात्र यादी स्वतःची करा.

पायरी ६ : पैशाचं गणित घरच्यांना बरोबर घेऊन करा

हे एकट्याने करू नका. आई-वडिलांना, गरज पडली तर सोसायटीचे व्यवहार बघणाऱ्या काकांनाही बसवा. ब्रिटनमधलं एक वर्ष फी आणि राहण्यासकट बहुतेक ठिकाणी ३० लाखांच्या पुढे जातं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यासारखे अपवाद आहेत. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, दाखवावी लागते, २०२४ च्या नियमाने ती ११,९०४ युरो होती.

शिष्यवृत्त्यांत आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी, दरवर्षी ७५ जागा. इतर मागास व भटक्या जमाती, आदिवासी आणि राज्याच्या सारथी संस्थेमार्फत मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी यांच्या अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचा, व्हॉट्सॲपवरची नको. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ च्या नियमांनुसार भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय बसत नाहीत. आपल्या विषयात ही अट आडवी येऊ शकते, तेव्हा कोर्सचं स्वरूप आधीच तपासा.

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासविषयक कोर्सची शिष्यवृत्तीही अनुभवी लोकांसाठी आहे. इरास्मस मुंडसला अनुभवाची सरसकट अट नसते. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ते परतफेडीचं कर्ज आहे, हे लक्षात ठेवा.

यावरून एक सरळ मार्ग निघतो : पदवी किंवा एमए इथे, दोन वर्षं काम, आणि मग शिष्यवृत्तीवर बाहेर. वेळ जातो असं वाटेल, पण वर्गात बसलेल्या चाळीसजणांत पाणीपुरवठा योजनेवर प्रत्यक्ष काम केलेला विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

पायरी ७ : कागदपत्रं आणि अर्ज

पासपोर्ट आधी काढा, कोल्हापुरातच सोय आहे. नावाची भानगड इथेच सोडवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर वेगळा क्रम, आणि 'पाटील'चं इंग्रजी स्पेलिंग कुठे Patil, कुठे Pateel. परदेशी अर्जात हे जुळलं नाही की पत्रव्यवहार वाढतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवायला वेळ लागतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७ गुण मागतात. मराठी माध्यमाच्या मुलांचा लिहिण्याचा भाग कच्चा राहतो, म्हणून रोज एक परिच्छेद इंग्रजीत लिहून तपासून घ्या.

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून तयारी लागते. बऱ्याच शिष्यवृत्त्यांची मुदत ऑक्टोबर ते जानेवारीत संपते, प्रवेशाची नंतर. शिष्यवृत्ती हवी असेल तर तिची तारीख धरून चाला.

उद्देशपत्र, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र, स्वतः लिहा. 'लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे' हे वाक्य वाचणाऱ्याने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं सुरू करा : 'आमच्या गावच्या उपसा सिंचन संस्थेत पाणीपट्टी एकरी आकारली जाते. ती मापाने आकारली तर छोट्या शेतकऱ्यावर काय परिणाम होईल, हे मला अभ्यासायचं आहे.' मग त्यासाठी तुम्ही आत्तापर्यंत काय केलंत, काय येत नाही आणि या कोर्समधल्या कुठल्या पेपरातून ते मिळेल. पायरी तीनमध्ये लिहिलेली दहा पानं इथे कामी येतात. शिफारसपत्रासाठी सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना तुमचा प्रकल्प आणि गुणपत्रिका घेऊन जा, म्हणजे 'हुशार व होतकरू विद्यार्थी' याच्या पुढचं काहीतरी त्यांना लिहिता येईल.

पायरी ८ : पहिलं सत्र

पहिले दोन महिने सगळेच बिचकतात. वाचन खूप असतं. सगळं वाचू नका. सारांश, निष्कर्ष आणि मधले तक्ते आधी वाचा, उपयोगाचं असेल तरच पूर्ण. प्रत्येक लेखाबद्दल वहीत तीन ओळी : काय म्हणतो, कशावरून म्हणतो, आपल्याकडे लागू पडेल का.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका. पंचगंगेचं पात्र, पूररेषा आणि बांधकामं एकावर एक ठेवून नकाशा करता आला, की तुमचा शब्द वजनदार होतो. ग्रामपंचायत विकास आराखडा वाचायला शिका. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने १७ ध्येयं गावपातळीसाठी नऊ संकल्पनांत बांधली आहेत आणि आराखडा त्यानुसार करायचा असतो. तुमच्या गावाने कुठली संकल्पना निवडली आणि पैसा प्रत्यक्षात कशावर खर्च झाला, हा सोपा आणि चांगला पहिला प्रकल्प आहे.

मुलाखती घेताना माणसाला वेळ द्या. रानात भांगलणाऱ्या मावशीला भर दुपारी प्रश्नावली घेऊन गाठू नका, संध्याकाळी दारात बसून विचारा. नाव छापायचं का, हे आधी विचारा. आणि प्रकल्प पूर्ण झाला की त्याचा दोन पानांचा मराठी सारांश त्या गावात नेऊन द्या. माहिती घेऊन गेलेले परत फिरकत नाहीत, ही गावकऱ्यांची तक्रार खरी आहे.

पायरी ९ : काम कुठे मिळतं

घरी हाच प्रश्न आधी विचारतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. पाणी, वीज, कचरा, उत्सर्जन, कामगार यांचे आकडे गोळा करणारी आणि तपासणारी माणसं त्यासाठी लागतात. युरोपीय संघाने आयात मालावर कार्बन शुल्क लावण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून आधी माहिती घेण्यापुरती आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू केली. त्यात लोखंड-पोलाद आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना आपला माल हे शुल्क लागणाऱ्या मालाच्या यादीत बसतो का हे बघावं लागतं, आणि यादीत नसला तरी परदेशी ग्राहक प्रति टन कास्टिंगला किती वीज आणि कोक लागला हे विचारू शकतो. भट्टीजवळ उभं राहून हे मोजू शकणारं आणि इंग्रजीत मांडू शकणारं माणूस लहान कारखान्यात सहसा नसतं.

याशिवाय पाणलोट आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्था, राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानासारखे उपक्रम, महापालिकांचे पर्यावरण विभाग, आपत्ती व्यवस्थापन, पत्रकारिता, संशोधन. सामाजिक संस्थांत सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरी आधीच मोकळेपणाने सांगा. कंपनीत पगार बरा, पण अहवालातला आकडा आणि नाल्यातलं पाणी यांचा मेळ नसेल तर बोलायची तयारी ठेवावी लागते.

पहिल्या अर्जाआधी एवढं करा : तुमच्या भागात कारखाना असलेली एक सूचीबद्ध कंपनी निवडा, तिचा तो अहवाल उतरवून घ्या, पाणीवापराचं पान काढा आणि आकडे मागच्या वर्षाशी ताडून एक पानी टिपण लिहा. नोकरीच्या अर्जाबरोबर ते जोडा.